पंपाजवळच्या खोलीचा ठराव

१

मीटरकाकांच्या थोरल्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षाची ही गोष्ट. काकू बाळंतपणासाठी महिनाभर लेकीकडे जाऊन राहिल्या होत्या आणि काका घरात एकटेच होते. एकटा पडलेला म्हातारा एक तर झोपा काढतो, नाहीतर लोकांच्या भानगडीत डोकं घालतो. काकांना दुपारची झोप येत नसे.

तीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले होते. लहानपणी शाळा नशिबात नव्हती. आकडे आधी शिकले, अक्षरं चाळिशीत. त्यामुळे छापलेल्या मजकुरावर त्यांचा विश्वास जरा कमीच, पण फिरणाऱ्या चकतीवर पूर्ण. चकती खोटं बोलत नाही, असं ते म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, तरी इमारतीत सगळे त्यांना मीटरकाकाच म्हणायचे.

इमारत चार मजल्यांची, सोळा बिऱ्हाडांची, सहकारी सोसायटीची. म्हणजे मालक सगळेच आणि जबाबदार कुणीच नाही.

गुरुवारी सकाळी काका दूध घेऊन येत होते, तेवढ्यात जिन्याखालच्या ऑफिसातून मास्तरांची आरोळी आली.

"वही गेली! चोरी झाली!"

मास्तर म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी. जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस. आठ वर्षांपूर्वी इथे राहायला आले आणि पहिल्याच सभेत, नवीन असल्यामुळे नाही म्हणता आलं नाही म्हणून, सेक्रेटरी झाले. ते आजतागायत.

काका आत डोकावले. लोखंडी कपाट उघडं, मास्तर खुर्चीत, कपाळाला हात.

"कुठली वही?"

"इतिवृत्ताची! सोसायटी स्थापन झाल्यापासूनच्या सगळ्या सभा, सगळे ठराव त्या एका वहीत आहेत. काल संध्याकाळी मी स्वतः ठेवली, कुलूप लावलं. आत्ता उघडतो तर गायब!"

दाराशी झाडू घेऊन उभ्या असलेल्या मावशींचा चेहरा पांढराफटक पडला.

मावशी पंपाजवळच्या खोलीत राहायच्या. सकाळ-संध्याकाळ पंप लावायच्या, जिने झाडायच्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा गच्चीवरची टाकी धुताना पडून गेला. सोसायटीने तेव्हा ठराव केला होता की ती खोली मावशींना राहायला द्यायची. काकांना आठवत होतं, हात वर करणाऱ्यांत ते स्वतः होते. पण त्या वेळचे बाकीचे लोक जागा विकून निघून गेले होते. उरले होते काका आणि तिसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब. साहेब चार महिने आजारी होते. दवाखान्याने हात टेकून त्यांना घरी पाठवलं होतं.

आणि येत्या रविवारच्या सभेत विषय क्रमांक पाच होता: पंपाजवळची खोली रिकामी करून तिथे सोसायटीचं प्रशस्त ऑफिस करणे.

अध्यक्ष जिना उतरून आले. दातांचे डॉक्टर, इस्त्रीचा शर्ट, हसू असं की आपलेच दात नमुना म्हणून दाखवतायत. सगळं ऐकून म्हणाले, "अरेरे. मग आता त्या जुन्या ठरावाचं काय? काका, तुमची आठवण मी मानतो हो, पण आठवणीवर सोसायटी चालत नाही. लेखी असेल तर दाखवा. नाही तर रविवारी मतदान."

 मावशींच्या हातातला झाडू खाली पडला.

२

लोक पांगल्यावर मावशी हळूच म्हणाल्या, "काका, त्या वरच्या वहिनी काय म्हणाल्या ऐकलंत? म्हणे, ऑफिस झाडायला हीच जाते, हिनेच उचलली असेल. अहो, मी ती कशाला उचलू? ती वही म्हणजे माझं छप्पर आहे."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक असून काय उपयोग? बावीस वर्षांत मी कुठे भाड्याने जागा सुद्धा बघितली नाही. कुठे जायचं असतं, तेही माहीत नाही मला."

 उत्तर सुचलं नाही की काका कामाला लागत. त्यांनी चष्मा पुसला आणि कपाटात डोकं घातलं.

वरचा कप्पा. डावीकडे फायली, उजवीकडे फायली, मध्ये वहीएवढी चौकोनी मोकळी जागा. आजूबाजूला बोटभर धूळ. चौकोनात धूळ कमी होती, पण होती. काकांनी बोट फिरवलं. बोटावर पिठासारखा थर आला.

"मावशी, तुम्ही हे कपाट आतून पुसता?"

"त्याची किल्ली मास्तरांकडे. मी बाहेरूनच फडकं मारते."

"मग मला सांगा, काल संध्याकाळपर्यंत इथे वही होती, तर एका रात्रीत वहीच्या खाली एवढी धूळ बसेल?"

मावशी ओणव्या होऊन बघायला लागल्या. धुळीच्या बाबतीत त्यांच्याइतकं जाणकार इमारतीत कुणी नव्हतं.

"ही आठवड्याची आहे," त्या ठाम म्हणाल्या. "सात नाही तर आठ दिवसांची."

"म्हणजे वही काल कपाटात नव्हतीच. आणि काल ठेवली असं सांगणारा एकच माणूस आहे."

मावशींनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! मास्तर खोटं बोलले?"

३

मास्तर खोटं बोलले हे कळलं, पण का बोलले ते कळेना. मास्तरांना खोलीचं काही सोयरसुतक नव्हतं. उलट नवं ऑफिस झालं असतं तर त्यांचं काम वाढलं असतं, आणि काम वाढणं त्यांना दातदुखीपेक्षा जास्त दुखायचं. वही नाहीशी झाल्याचा फायदा होता तो अध्यक्षांना. म्हणून शुक्रवारी सकाळी काका डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन खुर्चीवर बसले.

बसल्यावर लक्षात आलं की या खुर्चीत बसून चौकशी करता येत नाही.

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

"मला विचारायचं होतं की बुधवारी..."

"आ!"

काकांनी आ केला. डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला, कापूस घातला, काहीतरी सूं सूं करणारं घातलं, आणि स्वतः बोलायला सुरुवात केली. दातांच्या डॉक्टरांना प्रश्न विचारावे लागत नाहीत. समोरच्याचं तोंड बंद नसलं तरी बंदच असतं.

"तुम्हाला वाटत असेल वही मी लपवली. वाटतंय ना?"

"आं."

"मी कशाला लपवू? मला ठराव सापडला असता तरी चाललं असतं. मी म्हणणार होतो, बावीस वर्षं झाली, आता बदलू. बहुमत माझ्याकडे आहे. ही डावीकडची दाढ गेली बरं का तुमची. आता वही गेल्यामुळे उलट माझंच नाव खराब. काल जिन्यात एका बाईंनी मला नमस्कार केला नाही. नऊ वर्षं त्यांचे दात मी बघतोय!"

"आं आं."

"मास्तरांना विचारा. बुधवारी दाढ दाखवायला आले होते इथे. काय अवघडलेले! तोंड उघडलं, पण डावी काख काही उघडेनात. काखेत जाडजूड काहीतरी, पेपरात गुंडाळलेलं. म्हटलं, ठेवा ते बाजूला. तर म्हणतात, राहू द्या, असू द्या. जाताना पण तसेच गेले, काख दाबून. चूळ भरा."

काकांनी चूळ भरली आणि पहिला प्रश्न विचारला. "इथून कुठे गेले?"

"मला काय माहीत? म्हणत होते, आता एकाला शेवटचं बघून येतो."

४

तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"अहो, दोन-दोन नातवंडं झालीत तुम्हाला. बघायला कधी येताय?"

"रविवारी सभा झाली की सोमवारी निघतो."

"सभा! जन्मात कधी सभेला वेळेवर गेला नाहीत. आणि आवाज असा का येतोय, दात काढला काय?"

"चौकशी करत होतो."

काकूंनी फोन ठेवला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. कुठे थांबायचं ते त्यांना कळायचं.

काका तिथून थेट मीटरच्या खोलीत गेले. ही त्यांची खरी बैठक. ऑफिसाशेजारी अंधारी जागा आणि भिंतीवर सोळा मीटर ओळीने. मन थाऱ्यावर नसलं की ते इथे उभे राहून चकत्या बघत. कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कुणाचा फ्रीज मरायला टेकलाय, कोण गावाला गेलंय, सगळं त्यांना इथे दिसायचं.

दुपारचे बारा. नोकरीवाल्यांची घरं थंड. तिसऱ्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांची चकती एरवी या वेळी गोगलगायीसारखी सरकायची. सून नोकरीला गेलेली, साहेब अंधार करून अंथरुणावर. चार महिने काका ती चकती बघत होते आणि मनात म्हणत होते, चालले आता साहेब.

आज चकती गरगरत होती.

काका बघतच राहिले. थोडा वेळ गरगर, मग एकदम संथ. पुन्हा गरगर, पुन्हा संथ. पंखा असा चालत नाही. पाणी तापवायचं यंत्र एकदा लागलं की बराच वेळ ओढत राहतं. असं थांबून थांबून ओढणारी घरात एकच वस्तू.

"इस्त्री!" काका मोठ्याने म्हणाले.

मरायला टेकलेला माणूस दुपारी बारा वाजता इस्त्री करत होता.

संध्याकाळी वकीलसाहेबांची सून कामावरून परतताना काकांनी तिला जिन्यात गाठलं. कष्टाळू पोरगी. डोळ्यांखाली काळं आलेलं, पण आज चेहरा जरा उजळलेला.

"सूनबाई, कसे आहेत साहेब?"

"काका, काय सांगू! बुधवारपासून चमत्कारच आहे. सकाळी दोन चमचे पेज घशाखाली जात नव्हती, आणि रात्री म्हणाले, जेवायला वाढ. कुणावर तरी भयंकर चिडलेत. चिडले की त्यांना भूक लागते, पहिल्यापासून. दिवसातून चारदा विचारतात, सभा कधी आहे? काल तर कपाटातून काळा कोट काढायला लावला."

"बुधवारी कोण आलं होतं भेटायला?"

"मास्तर आले होते. मी सुट्टी घेतली होती त्या दिवशी. बिचारे पलंगाशी बसून रडले हो. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात रुमाल."

"दोन्ही हात गुंतलेले?"

"हो. का?"

काका हसले. दोन्ही हात गुंतले, रुमाल डोळ्यांपर्यंत वर गेला, म्हणजे काख उघडली. आणि काख उघडली म्हणजे त्यातली वस्तू कुठेतरी ठेवली गेली.

"सूनबाई, उद्या दुपारी मी साहेबांना भेटायला येतो. पण त्यांना सांगू नकोस."

५

शनिवारी सुनेने दार उघडलं. काका आत शिरले तेव्हा वकीलसाहेब डोळे मिटून, हात छातीवर घेऊन, अगदी शास्त्रशुद्ध निपचित पडले होते.

"साहेब, वही गादीखाली आहे की उशीखाली?"

एक डोळा उघडला.

"कोण बोलतंय?"

"मी. तुमचा मीटर पळतोय साहेब. आजारी माणसाला एवढी वीज लागत नाही."

दुसरा डोळाही उघडला. साहेब उठून बसले, सुनेकडे अपराधी नजरेने बघितलं, आणि गादीखालून पेपरात गुंडाळलेली जाड वही काढली.

"बाबा!" सून ओरडली. "चोरी केलीत?"

"चोरी? हा पुरावा आहे, पुरावा! त्या भूगोलवाल्याने माझ्या पायाशी ठेवला आणि विसरून गेला. वाच. मोठ्याने वाच."

सुनेने शेवटचं लिहिलेलं पान उघडलं. वर तारीख होती रविवारची. उद्याची.

"'सभा सकाळी दहा वाजता सुरू झाली. गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब करण्यात आली...' पण काका, सभा तर अजून व्हायचीय!"

"वाच पुढे," साहेब म्हणाले.

"'प्रारंभी सोसायटीचे संस्थापक सभासद, ज्येष्ठ वकील यांच्या दुःखद निधनाबद्दल...'" सून थांबली. ओठ दाबून धरले, पण हसू नाकातून आलं.

"हस! हस! 'दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून' वगैरे सगळं आहे. आणि मला म्हणतो कसा, मनमिळाऊ! बत्तीस वर्षं वकिली केली मी. माझ्या शत्रूंनी सुद्धा मला कधी मनमिळाऊ म्हटलं नाही!"

आता काकांना सगळा उलगडा झाला. मास्तरांची ही जुनी पद्धत. दरवर्षी तीच सभा, तीच माणसं, तीच भांडणं, म्हणून मास्तर आठवडाभर आधी वही घरी नेत आणि निवांतपणे इतिवृत्त लिहून ठेवत. या वर्षी साहेब काही रविवार गाठत नाहीत असा हिशेब करून त्यांनी श्रद्धांजलीही उरकली. मग वही कपाटात परत ठेवायला निघाले, वाटेत शेवटचं दर्शन घ्यायला आले आणि वही तिथेच विसरले. कुठे विसरली ते आठवेना, आणि आधी लिहिल्याचं कबूल करवेना. शेवटी कपाट उघडं टाकून चोरीची आरोळी.

"साहेब, वही द्या. उद्या सभेत लागणार आहे."

"मुळीच नाही. मी जिवंत असेपर्यंत ही वही कुणाला मिळणार नाही. बघू कोण मला श्रद्धांजली वाहतो ते!"

"तुम्ही पुढचं वाचलंत का? पाचवा विषय?"

"स्वतःच्या मरणाच्या पुढे कोण वाचतं हो?"

काकांनी वही घेतली. अक्षरांवर बोट ठेवून, सावकाश, एकेक शब्द सुटा करून वाचलं. "'पंपाजवळील खोली रिकामी करून घेण्याचा ठराव एकमताने मंजूर.'"



"मावशींची खोली?" साहेब म्हणाले. "पण तो ठराव तर मी लिहिलाय. माझ्या हाताने. त्यात मी असा एक खिळा मारून ठेवलाय की..." ते थबकले. मग पलंगावरून पाय खाली सोडले. "सूनबाई, कोटाची इस्त्री जमली नाही मला. एकदा तू फिरव. आणि काका, तीन मजले उतरायचेत. तुमचा खांदा लागेल."

६

रविवारी दहाला सभेला सात जण होते. गणसंख्या अकराची. सभा अर्धा तास तहकूब झाली. साडेदहाला बाकीचे लोक निवांत आंघोळ करून आले, कारण तहकूब होणार हे सगळ्यांनाच ठाऊक असायचं.

मास्तर कोरे कागद घेऊन बसले होते. अध्यक्षांनी घसा साफ केला. "प्रारंभी, तिसऱ्या मजल्यावरचे आपले वकीलसाहेब अत्यवस्थ आहेत. त्यांच्यासाठी आपण..."

"उभे राहा की!" मागून आवाज आला. "दोन मिनिटं ठरली होती ना?"

काळा कोट, डाव्या हाताखाली काकांचा खांदा, उजव्या काखेत वही. सगळी सभा खरोखरच उभी राहिली. मास्तर मात्र कोरे कागद तोंडापुढे धरून बसूनच राहिले.

साहेब खुर्चीत बसले, धाप ओसरू दिली आणि उद्याचं नव्हे, आता आजचं झालेलं इतिवृत्त वाचायला लागले. स्वतःची श्रद्धांजली त्यांनी दोनदा वाचली. सभा पोट धरून हसायला लागली. मग पुढे, "'दुसऱ्या मजल्यावरील सभासदांनी गळतीचा विषय उपस्थित केला.'"

सगळ्यांनी वळून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बोट वर करून उभे होते. त्यांनी ते हळूच खाली घेतलं.

"मास्तर, हे काय?" अध्यक्ष म्हणाले.

मास्तर कसेबसे उठले. "चूक झाली. पण मला एक सांगा, आठ वर्षांत एकदा तरी माझ्या लिहिण्यापेक्षा वेगळं काही घडलं का?"

यावर मात्र कुणी हसलं नाही.

"आज घडेल," साहेब म्हणाले. "या वहीप्रमाणे पाचवा ठराव एकमताने मंजूर आहे आणि मी मेलेलो आहे. दोन्ही गोष्टी एकाच हाताने, एकाच शाईने लिहिल्यात. अध्यक्ष, यातली एक खरी मानायची असेल तर दुसरीही मानावी लागेल. आहे तयारी?"

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब चांगलेच जिवंत दिसत होते.

"ठीक आहे. ते पान रद्द. पण आपण आत्ता मतदान घेऊ शकतो. माझ्याकडे बहुमत आहे."

"आधी जुनं पान ऐका." साहेबांनी वही काकांच्या पुढे केली. काका चष्मा सावरत वाचायला लागले. एवढ्या लोकांपुढे ते जन्मात पहिल्यांदाच वाचत होते, आणि एकदा अडखळलेही.

"'सोसायटीच्या टाकीचे काम करताना मयत झालेल्या पंपचालकाच्या पत्नीस पंपाजवळील खोली, ती हयात असेपर्यंत, राहण्यास देण्यात येत आहे. तिच्या स्वतःच्या संमतीशिवाय हा ठराव बदलता येणार नाही.'"

"हाच तो खिळा," साहेब सुनेच्या कानात म्हणाले. सगळ्यांना ऐकू गेलं.

अध्यक्षांनी ती ओळ स्वतः वाचली. पुन्हा वाचली. खाली बावीस वर्षांपूर्वीच्या चौदा सह्या होत्या. मग ते दाराकडे वळले. मावशी तिथे उभ्या होत्या, नेहमीसारख्या चौकटीच्या बाहेर.

"मावशी, आत या. तुमची संमती आहे?"

मावशी आत आल्या. पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. बावीस वर्षांत सभेत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी ते लिहून घेतलं, झाल्यानंतर. विषय संपला. ज्या वहिनींनी चोरीचा आळ घेतला होता, त्यांनी उठून मावशींना आपली खुर्ची दिली. मावशी बसल्या, पण अगदी कडेवर.

वकीलसाहेब त्या सभेनंतर चौदा महिन्यांनी, ऑगस्टच्या अखेरीस वारले. मावशी आणखी नऊ वर्षं जगल्या. जानेवारीतल्या एका बुधवारी सकाळी त्या पंप बंद करून आल्या, पाणी प्यायल्या, आणि सव्वासात वाजता त्याच खोलीत वारल्या.